हरकत

रात्री नऊला फरंगीस खानम
उशीखालून रेडिओ काढते.
उभा जन्म शाळेत फ्रेंच शिकवण्यात गेला,
आता जग काय म्हणतंय ते
शेजाऱ्यांना फारसीत सांगायचं काम
न मागता तिच्याकडे आलंय.
मी तिच्या मागच्या खोलीतली भाडेकरू.
तेहरानला व्याकरण शिकायला आले होते.

सगळे जिन्यात बसतात. दिवा लावत नाहीत.
आरसे विकणारा तूरज,
तळमजल्यावरची आतूसा, तिच्या बोटाला
शुक्रवारची शाई, घासघासूनही
नखाच्या कडेला उरलेली,
आणि औषधवाले मेहरगान, ज्यांचा मुलगा
सोमवारी दूध आणायला गेला.
(ते दूधच म्हणतात. म्हणून आम्हीही दूधच म्हणतो.)

"माझी म्हातारी डाळ निवडायला लावते," तूरज म्हणतो,
"त्याहून कमी वेळात कोट्यवधी चिठ्ठ्या मोजून झाल्या."
कोणी हसत नाही. खानम कान लावते.
खरखरीतून एकेक राजधानी वर येते.
एकीने पहाटेच अभिनंदन धाडलंय,
पेट्या फुटायच्या आधीच टाइप करून ठेवलेलं असणार.
एकीला तेलाच्या भावाची फिकीर.
एक म्हणते, हा त्यांच्या घरातला प्रश्न.
"घर म्हणजे आम्हीच ना?" आतूसा विचारते.
बाकीच्या,
खानम शब्द शोधते,
बाकीच्या निगरान आहेत.

काळजीत आहेत, असं तिला म्हणायचंय.
तिच्या भाषेत काळजी करणं नि टक लावून बघणं
एकाच मुळातून फुटलेलं.
आमच्याकडे येता येता वाटेत कुठेतरी
शब्दातली काळजी सांडली,
नुसती नजर पोचली: निगराणी.
हे मी जिन्यात बोलत नाही.
कोपऱ्यावर मोटरसायकलवर दोघं बसलेत,
त्यांना मराठी अर्थ पाठ आहे.

"गंभीर निगरान, की नुसत्याच?" मेहरगान विचारतात.
औषधवाला माणूस, मात्रा कळल्याशिवाय चैन नाही.
"गंभीर," खानम म्हणते.
बातमीत तो शब्द नव्हता.
मी ऐकत होते.

दहाला गच्चीवर.
एका छपरावरून हाक उठते, मग पलीकडून,
मग अख्खा डोंगरउतार,
देव मोठा आहे, देव मोठा आहे.
देवाच्या नावाने ज्यांनी खुर्च्या मांडल्या
त्यांच्या अंगावर देवाचंच नाव भिरकावायचं,
कुठलं कलम लावणार?
आतूसाचा आवाज फाटतो, तरी ती थांबत नाही.
मेहरगान ओरडत नाहीत. ते डोळे मिटून
अंधारातले आवाज निवडतात,
एकेक बाजूला काढतात.
एक घोगरा, नुकता फुटलेला,
तो सापडतोय का बघतात.

बुधवारी माझ्या वकिलातीतून फोन.
सभ्य, थोडा झोपाळलेला आवाज.
शनिवारचं विमान. आणि हो,
परिस्थितीवर आमचं बारीक लक्ष आहे.
मी पेटी भरली. विमानतळावर पुढे
ती दोनदा उघडली गेली,
वही न् वही मोजली. या देशात
एक तरी पेटी नीट मोजलेली मी पाहिली.

निघताना खानम दारात,
हातात पाण्याचं भांडं. जाणाऱ्याच्या पाठीमागे
पाणी ओतलं की तो परत येतो म्हणे.
"तुझा देश काय म्हणाला?"
इतक्या रात्रींत तिने हे कधी विचारलं नव्हतं.
"अजून काही नाही."
आमच्यात अशा वेळी समोरचा म्हणतो, हरकत नाही.
ते ओठांवर आलं नि तिथेच थांबलं,
कारण हरकत म्हणजे तिच्याकडे हालचाल.

पाणी ओतल्याचा आवाज आला.
गल्ली वळताना मेहरगानांचं दुकान लागलं.
शटर अर्धं वर,
काउंटरवर दुधाची पिशवी.
ते रोज ताजी आणून ठेवतात.